यूकेत दहशतवादावर डिसर्टेशन करतेय, बंदी असलेल्या संघटनांचं मटेरियल डाउनलोड केलं तर चालतं का?

कोरी_पाटी:

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या एका युनिव्हर्सिटीत एमए करतेय, इंटरनॅशनल रिलेशन्स, आणि आता डिसर्टेशनचं प्रपोजल द्यायचंय. विषय असा घेतलाय की अल कायदा आणि इसिसने जी इंग्रजी ऑनलाइन मासिकं काढली त्यात दक्षिण आशियातल्या वाचकाला उद्देशून काय लिहिलं जायचं, कुठल्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं जायचं वगैरे. सुपरव्हायझरबाई विषयावर खूश आहेत पण त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, मटेरियल ठेवणार कुठे? मी म्हटलं लॅपटॉपवर, आणखी कुठे. तर म्हणाल्या अजून एकही फाइल उतरवू नकोस, आधी एथिक्सचा फॉर्म भर, त्यात सिक्युरिटी सेन्सिटिव्ह रिसर्च म्हणून वेगळा भाग आहे तो नीट भर आणि मंजुरीचा मेल आल्याशिवाय गूगलसुद्धा करू नकोस. हे शेवटचं गमतीत म्हणाल्या की खरंच, ते मला कळलं नाही.

तेव्हापासून वाचतेय आणि जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय. एकीकडे लिहिलंय की नुसतं उघडून बघितलं तरी गुन्हा, दुसरीकडे लिहिलंय रिसर्चला सूट आहे. मग मास्टर्सचं डिसर्टेशन रिसर्चमध्ये धरतात का? एथिक्स कमिटीने हो म्हटलं म्हणजे पोलिसांनी पण हो म्हटलं असं असतं का? शिवाय मी स्टुडंट व्हिसावर, उद्या काही झालं तर व्हिसाचं काय हा किडा डोक्यात आहेच. घरी विषय सांगितला तर बाबा म्हणाले एवढे विषय पडलेत जगात, हाच सापडला का. इथे कुणी अशा विषयावर काम केलंय का? ऐकीव नको प्लीज, प्रत्यक्ष काय करावं लागलं ते सांगा.

तिरकस:

बाबांचं ऐका, विषय बदला. २००८ ची नॉटिंगहॅमची केस माहितीये का? रिझवान साबिर नावाचा एमएचा विद्यार्थी, अल कायदावरच रिसर्च करत होता. त्याने अल कायदाचं तथाकथित ट्रेनिंग मॅन्युअल उतरवून घेतलं, ते पण कुठून तर अमेरिकेच्या न्याय खात्याच्या वेबसाइटवरून, म्हणजे सरकारी साइटवरून. प्रिंटिंगचा खर्च वाचावा म्हणून ते युनिव्हर्सिटीत नोकरीला असलेल्या मित्राला पाठवलं. कुणीतरी मित्राच्या कॉम्प्युटरवर ते बघितलं, युनिव्हर्सिटीने पोलिसांना कळवलं, दोघांनाही दहशतवाद कायद्याखाली अटक. जवळपास आठवडाभर आत ठेवलं आणि मग दहशतवादाचा आरोप न लावता सोडून दिलं. २०११ मध्ये पोलिसांनी साबिरला २०,००० पौंड भरपाई दिली. भरपाई मिळाली हो, पण मधल्या तीन वर्षांचं काय? आणि तो इथलाच नागरिक होता, तुम्ही व्हिसावर आहात.

लायब्ररीतला_उंदीर:

तिरकसराव, केस खरी आहे पण ती २००८ ची आहे, त्यानंतर पुलाखालून बरंच पाणी गेलंय. मी ह्याच फील्डमध्ये पीएचडी करतोय (यूकेतच, युनिव्हर्सिटी सांगत नाही) आणि माझ्याकडे असं मटेरियल भरपूर आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही ज्याला घाबरताय ते टेररिझम अॅक्ट २००० चं कलम ५८. दहशतवादी कृत्य करणाऱ्याला किंवा त्याची तयारी करणाऱ्याला उपयोगी पडेल अशा प्रकारची माहिती जमवणं किंवा बाळगणं हा गुन्हा. तुमचा हेतू वाईट होता हे सरकारला सिद्ध करावं लागत नाही, ती गोष्ट खरी आहे आणि म्हणूनच हे कलम बदनाम आहे. २०१९ मध्ये त्यात दोन मोठे बदल झाले. एक, डाउनलोड न करता इंटरनेटवर नुसतं बघणं पण आत आलं. (मूळ विधेयकात तीन वेळा बघितलं तर गुन्हा असं होतं, ते पुढे काढून टाकलं आणि एकदाच पुरे झालं.) शिक्षा पण १० वर्षांवरून १५ वर गेली. दुसरा बदल मात्र आपल्या फायद्याचा, वाजवी कारण असेल तर गुन्हा नाही ही तरतूद आधीपासून होती पण त्यात काय काय बसतं ते लिहिलेलं नव्हतं, आता पत्रकारितेचं काम आणि अॅकॅडेमिक रिसर्च ही दोन कारणं कायद्यातच नाव घेऊन लिहिली आहेत. २००८ च्या त्या मुलाकडे हे नव्हतं.

अजून एक गोष्ट जी फॉर्म भरताना कामाला येते. २००८ मध्येच कोर्ट ऑफ अपीलने एका केसमध्ये सांगितलं की कलम ५८ खाली यायला कागदपत्रातून प्रत्यक्ष काहीतरी करायला मदत व्हायला हवी, नुसता प्रचार, भडकाऊ भाषण, धर्माची चर्चा हे ५८ मध्ये बसत नाही. म्हणजे तुमच्या मासिकांतले बहुतेक लेख त्यात येणार नाहीत. पण घोळ असा की ह्या मासिकांत अग्रलेखाशेजारीच बॉम्ब कसा बनवायचा हे पण असतं, आणि पीडीएफ उतरवली की ते पण उतरतं, म्हणून अख्खा अंक धोक्याचा धरायचा.

प्रत्यक्ष काय करावं लागलं? युनिव्हर्सिटीज यूके नावाची इथल्या युनिव्हर्सिटींची जी संघटना आहे तिने २०१२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, २०१९ मध्ये सुधारल्या, बहुतेक ठिकाणचे फॉर्म त्यावरूनच आलेत. त्याचा गाभा इतकाच की मटेरियल तुमच्या मशीनवर ठेवायचं नाही, युनिव्हर्सिटीच्या सर्व्हरवर वेगळा लॉक असलेला फोल्डर मिळतो तिथेच ठेवायचं आणि तिथेच वाचायचं, कुणाला पाठवायचं नाही, आणि युनिव्हर्सिटीत एक ठरलेला माणूस असतो ज्याच्याकडे तुमच्या प्रोजेक्टची नोंद असते. उद्या आयटीवाल्यांना काही दिसलं, किंवा शेजारच्या टेबलावरच्या कुणी तक्रार केली, तर आधी त्या माणसाला विचारायचं. नॉटिंगहॅमला नेमकं हेच झालं नाही बघा, सुपरव्हायझरला एक फोन केला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

माझ्या मंजुरीला कमिटीने दोनदा फॉर्म परत पाठवला. पहिल्यांदा विचारलं कुठल्या साइट्स, कुठल्या तारखांपर्यंत. दुसऱ्यांदा विचारलं पीएचडी संपल्यावर फोल्डरचं काय करणार. हे आधीच लिहून टाका, वेळ वाचेल. आणि हो, तोपर्यंत खरंच गूगल करू नका, बाई गमतीत म्हणाल्या नसाव्यात.

कायद्याचा_किस:

मी इथे सॉलिसिटर आहे, क्रिमिनलमध्ये. हा फुकट सल्ला आहे तेव्हा त्याला सल्ला समजू नका 🙂

वरच्या प्रतिसादात जे लिहिलंय ते बरोबर आहे, फक्त एक मुद्दा निसटतोय. रिसर्चची सूट म्हणजे पोलिस हात लावणार नाहीत असं कार्ड नाही, तो बचाव आहे. म्हणजे अटक होऊ शकते, लॅपटॉप फोन जप्त होऊ शकतो, आणि मग तुम्ही म्हणायचं की हे माझं संशोधन. चांगली बाजू अशी की तुम्ही त्याचा थोडा पुरावा पुढे केलात की पुढचं ओझं सरकारी पक्षावर जातं, तुमचं कारण खोटं आहे हे त्यांना संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं. हा थोडा पुरावा म्हणजेच तुमचा तो कंटाळवाणा फॉर्म, त्यावरची तारीख, मंजुरीचा मेल, सुपरव्हायझरशी झालेला पत्रव्यवहार. तारीख डाउनलोडच्या आधीची हवी. नंतरची असेल तर समोरचा वकील त्याचं काय करेल ते सांगायला नको.

एमएचं डिसर्टेशन रिसर्चमध्ये येतं का, तर कायद्याने व्याख्या दिलेली नाही. पदवी कुठली यापेक्षा त्या कामासाठी ती गोष्ट लागत होती का हे बघितलं जाईल. मासिकांवर डिसर्टेशन असलेल्या विद्यार्थिनीकडे मासिकं सापडली तर ठीक, त्याच विद्यार्थिनीकडे विषयाशी संबंध नसलेली स्फोटकांची मॅन्युअल्स सापडली तर मंजुरीचा मेल फार लांबवर नेणार नाही. जाता जाता, २०१७ मध्ये बर्मिंगहॅमच्या कोर्टात अॅबरिस्टविथच्या एका माजी विद्यार्थ्यावर ५८ ची केस चालली, त्याने युनिव्हर्सिटीच्या क्लबमधल्या रोल प्लेच्या खेळासाठी स्फोटकांची माहिती असलेल्या एका जुन्या कुप्रसिद्ध पुस्तकाची काही पानं छापली होती. ज्यूरीने निर्दोष सोडला. सुटला, पण क्राउन कोर्टात उभं राहून सुटला.

माझ्या मते तुम्हाला ५८ पेक्षा जास्त जपायला हवं ते टेररिझम अॅक्ट २००६ च्या कलम २ ला, दहशतवादी प्रकाशनं दुसऱ्याला पोचवणं. पाठवणं, उसनं देणं, लिंक देणं सगळं येतं त्यात. हेतू नसला तरी बेफिकिरी पुरते. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "हे बघा काय भयंकर लिहिलंय" म्हणून पान टाकणं हा सगळ्यात मूर्ख मार्ग आहे अडचणीत यायचा, आणि लोक तेच करतात. मैत्रिणीला भाषांतर तपासायला पाठवणं, दुसऱ्या युनिव्हर्सिटीतल्या मित्राशी ड्राइव्ह शेअर करणं, काहीही नाही.

खडू_फळा:

मी इथे पॉलिटिक्स शिकवते, त्यात दहशतवादावरचं एक मॉड्यूल आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची भेळ होतेय. कलम ५८ वगैरे फौजदारी कायदा आहे, तो सगळ्यांना लागू. प्रिव्हेंट ड्यूटी, म्हणजे लोकांना दहशतवादापासून रोखायची जबाबदारी, वेगळी. ती २०१५ च्या काउंटर टेररिझम अँड सिक्युरिटी अॅक्टमधून आली, त्या सप्टेंबरपासून युनिव्हर्सिटींना लागू झाली, आणि ती संस्थेवर आहे, विद्यार्थ्यावर नाही. लोक दहशतवादाकडे ओढले जाऊ नयेत याची युनिव्हर्सिटीने योग्य ती दखल घ्यायची, एवढंच कायदा म्हणतो. त्याच कायद्यात हे पण आहे की हे करताना भाषणस्वातंत्र्य आणि अॅकॅडेमिक फ्रीडमकडे विशेष लक्ष द्यायचं. दुर्दैवाने ट्रेनिंगमध्ये पहिला भाग तासभर आणि दुसरा एका स्लाइडवर असतो. इंग्लंडमध्ये यावर देखरेख ऑफिस फॉर स्टुडंट्स करतं, स्कॉटलंड वेल्समध्ये यंत्रणा वेगळ्या, आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये ही ड्यूटी लागूच नाही, जिथे दहशतवाद सगळ्यात जास्त बघितला गेला तिथेच नाही, आता बोला.

घोळ कायद्यापेक्षा घाबरलेल्या माणसांमुळे होतो असं माझं स्पष्ट मत आहे. २०१५ मध्ये स्टॅफर्डशायर युनिव्हर्सिटीत दहशतवाद ह्याच विषयात मास्टर्स करणारा विद्यार्थी लायब्ररीत बसून दहशतवादाच्या अभ्यासाचं टेक्स्टबुक वाचत होता, तर त्यावरून त्याची चौकशी झाली. युनिव्हर्सिटीने नंतर माफी मागितली. २०१८ मध्ये रेडिंगला तर कहर, नॉर्मन गेरास नावाच्या डाव्या विचारवंताचा क्रांतीच्या नैतिकतेवरचा निबंध, जो हिंसेवर मर्यादा घालायला सांगतो, तो सेन्सिटिव्ह ठरवला आणि विद्यार्थ्यांना सांगितलं की स्वतःच्या डिव्हाइसवर उघडू नका, कुठे पडलेला ठेवू नका. एका निबंधासाठी! ह्यातलं काहीही कायद्याने मागितलेलं नव्हतं. पण कुणीतरी फॉर्मवर बसलेला माणूस विचार करतो की जास्त काळजी घेतली म्हणून मला कुणी ओरडणार नाही.

आणि ह्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, हे बोलायलाच हवं. माझ्या वर्गात गोरा मुलगा नव-नाझी गटांवर डिसर्टेशन करतो म्हणाला तर लोक म्हणतात वा, इंटरेस्टिंग. मुस्लिम मुलगी इसिसवर करते म्हणाली की तीच आधी मला विचारते, मॅडम करू ना? माझ्या दोन हुशार विद्यार्थिनींनी ह्याच कारणाने विषय बदलले. असे सोडून दिलेले विषय कुठल्याच रिपोर्टमध्ये मोजले जात नाहीत.

मी स्वतः काय करते तर मूळ मासिकं रीडिंग लिस्टवर टाकत नाही. उतारे मी निवडते, बॉम्ब वगैरेच्या सूचना असलेली पानं काढून टाकलेली, पुढे मागे चर्चा, ते माझं मत नाही हे लिखित स्वरूपात, कारण कलम २ मध्ये बचाव आहे तो तसाच आहे, मजकूर तुमचा विचार नाही आणि तुमचा त्याला पाठिंबा नाही हे परिस्थितीवरून स्पष्ट दिसायला हवं. मूळ अंक ज्यांना लागतात त्यांना जिहादॉलॉजीसारख्या संशोधकांनी चालवलेल्या संग्रहाकडे पाठवते, तिथे २०१९ पासून संवेदनशील भागासाठी अॅकॅडेमिक वगैरे ईमेल लागतो. तुम्हाला टेलिग्रामवर भटकायची काहीही गरज नाही, जुने अंक असे मिळतात आणि कुठून घेतले ते दाखवता पण येतं.

तिरकस:

खडूताई, म्हणजे शेवटी माझंच म्हणणं ना? सूट आहे पण भोगायचं विद्यार्थ्याने. इतके फॉर्म भरून शेवटी एमएचे तीन महिने उरतात, त्यातला एक कमिटी खाणार.

खडू_फळा:

वेळेचं तुमचं बरोबर आहे, त्यावर मी काही बोलू शकत नाही, आमची कमिटी पण संथच आहे. पण सगळ्यांनी विषय बदलले तर ह्या मासिकांवर लिहिणार कोण, फक्त पोलिस आणि थिंक टँकवाले?

कोरी_पाटी:

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. विषय बदलत नाहीये (बाबांना अजून सांगितलेलं नाही). टेलिग्राम काढून टाकलं प्रपोजलमधून, फक्त संग्रहातले अंक आणि ठरावीक वर्षं. अजून दोन शंका. एक, मला दोन-तीन मुलाखती पण घ्यायच्या होत्या, तरुणपणी अशा गटांच्या जवळ जाऊन परत आलेले लोक, नावं न छापता. त्यांना मी गुप्ततेचं वचन देऊ शकते ना? दोन, ऑगस्टमध्ये घरी येतेय, लॅपटॉप बरोबर असणार, परत येताना एअरपोर्टवर काही?

लायब्ररीतला_उंदीर:

मुलाखतींवर माझं सरळ मत, एमएला नका करू. डॉक्टर किंवा वकिलाकडे बोललेलं जसं काही अंशी सुरक्षित असतं तसं संशोधकाकडे बोललेलं नसतं. टेररिझम अॅक्ट २००० मध्ये कलम ३८ब आहे, एखादं कृत्य रोखायला किंवा कुणाला पकडायला उपयोगी पडेल अशी माहिती तुमच्याकडे आहे आणि तुम्ही ती कळवली नाहीत तर तोच गुन्हा, १० वर्षांपर्यंत. म्हणजे संमतीपत्रात "काहीही झालं तरी गुप्त ठेवीन" असं लिहिलंत तर तुम्ही पाळता न येणारं वचन देताय. माझ्या संमतीपत्रात स्पष्ट वाक्य आहे की अमुक प्रकारची माहिती सांगितलीत तर मला ती पुढे कळवावी लागेल, आणि मुलाखतीच्या सुरुवातीला मी ते मोठ्याने वाचतो. काही लोक तिथेच उठतात. उठू देत.

बोस्टन कॉलेजचं प्रकरण वाचा. नॉर्दर्न आयर्लंडमधल्या आयआरए (ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणारा सशस्त्र गट) आणि लॉयलिस्ट (ब्रिटनच्या बाजूचे) गटांतल्या माजी लोकांच्या मुलाखती २००१ ते २००६ मध्ये रेकॉर्ड केल्या, तुम्ही जिवंत असेपर्यंत उघड करणार नाही असं सांगून. २०११ मध्ये नॉर्दर्न आयर्लंडच्या पोलिसांसाठी अमेरिकेत समन्स निघालं आणि काही टेप द्याव्या लागल्या. २०१४ मध्ये सिन फेन ह्या आयरिश पक्षाचे तेव्हाचे अध्यक्ष गेरी अॅडम्स यांची चार दिवस चौकशी झाली त्यामागे ह्या टेपचाही भाग होता. गंमत म्हणजे २०१९ मध्ये बेलफास्टच्या कोर्टाने एका खटल्यात त्या टेप पुरावा म्हणून घेतल्याच नाहीत, विश्वासार्ह नाहीत म्हणून. म्हणजे वचन पण मोडलं आणि केस पण उभी राहिली नाही. ज्यांनी बोलून ठेवलं त्यांची मात्र वाट लागली.

कायद्याचा_किस:

एअरपोर्टचं मी सांगतो. टेररिझम अॅक्ट २००० चं शेड्यूल ७. तिथे अधिकाऱ्याला कसलाही संशय असावा लागत नाही, तुम्हाला थांबवून ६ तासांपर्यंत प्रश्न विचारू शकतात, फोन लॅपटॉप तपासू शकतात, कॉपी करू शकतात, ७ दिवस ठेवून घेऊ शकतात. पासवर्ड नाकारणं हाच गुन्हा, २०१७ मध्ये त्यावर एकाला शिक्षा झालेली आहे. पहिल्या तासानंतर चौकशी चालू ठेवायची तर त्यांना तुम्हाला रीतसर डिटेन करावं लागतं आणि वकिलाचा हक्क सुरू होतो, तो मागा. होईल का तुमच्या बाबतीत? शक्यता कमीच. पण लॅपटॉपवर मासिकं नसतील तर तुम्हाला चिंता करायचं कारण उरत नाही, सगळं सर्व्हरवरच राहू द्या, आणि सुट्टीत भारतातून लॉगिन करून वाचत बसू नका, तिथला कायदा वेगळा, यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा आहे तिथे आणि इथल्या एथिक्स कमिटीचा मेल तिथे कुणी विचारणार नाही. मंजुरीचं पत्र आणि सुपरव्हायझरचा नंबर एका कागदावर बरोबर ठेवा. व्हिसाचं म्हणाल तर त्यासाठी इमिग्रेशनवाला वकील बघा, मी त्यातला नाही.

कोरी_पाटी:

मुलाखती कट केल्या. आता फॉर्मवर शेवटचा एक रकाना अडलाय, "परिशिष्टात मूळ मजकूर जोडणार का?" मला वाटलं होतं चार-पाच पानं जोडावीत, परीक्षकांना पुरावा म्हणून.

खडू_फळा:

नाही लिहा. डिसर्टेशन लायब्ररीच्या ऑनलाइन संग्रहात गेलं की ती पानं तुम्ही सगळ्या जगाला वाटताय. अंक, महिना, पान क्रमांक द्या, एखाद दुसरं वाक्य उद्धृत करा, चित्रांचं वर्णन शब्दांत करा. परीक्षकाला मूळ बघायचंच असेल तर तो त्याच सुरक्षित फोल्डरमध्ये बघेल, तशी सोय होते का ते त्या नोंद ठेवणाऱ्या माणसाला आजच मेल करून विचारा. आणि रकान्यात कारण पण लिहा, नुसतं नाही लिहिलंत तर फॉर्म परत येईल.